ज्योतीआडचा हात

स्मरणिकेसाठी एका चित्राविषयी लिहिते असे कळवले, तेव्हा संपादक मंडळाकडून उत्तर आले की कॉम्प्युटरवाल्यांनी कॉम्प्युटरवर लिहावे. ओघात तेही येईल. पण मुख्य विषय आहे एक बाई, तिच्या हातातला दिवा आणि त्या दिव्याच्या ज्योतीआड तिने धरलेला हात.

चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरांवर, आता मोबाइलवर सकाळी सकाळी येणाऱ्या संदेशांत ते असते. जांभळट साडी नेसलेली एक स्त्री अंधारात उभी आहे. एका हातात पेटता दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. बोटे आतून पेटल्यासारखी लालसर दिसतात आणि चेहऱ्यावर पिवळा उजेड पडलेला आहे. खाली बहुतेक वेळा नाव छापलेले असते राजा रविवर्मा यांचे. ते चुकीचे आहे. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हे चित्र १९४५-४६ मधले आहे आणि ते काढले आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या श्री जयचामराजेंद्र कलादालनात आहे. 'ग्लो ऑफ होप' या इंग्रजी नावाने ते ओळखले जाते.

नावाची ही गफलत दुरुस्त करायला एक परिच्छेद पुरतो, तो वर झाला. मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे आहे. हे चित्र नीट वाचले, म्हणजे बाईच्या मनात काय आहे आणि ते चित्रकाराने हातांनी कसे घडवले हे दोन्ही एकत्र पाहिले, तर ते रविवर्म्याचे वाटूच शकत नाही. आणि या चित्रातला भाव चेहऱ्यात शोधणारा माणूस थोडा चुकीच्या जागी शोधतो आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी हळदणकरांविषयी. जन्म १८८२, सावंतवाडी संस्थानात. लाकडी खेळणी आणि गंजिफा यांचे हे गाव, म्हणजे रंगाचा हात तिथे घरोघर होता. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, 'हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट', आणि चित्रकारांच्या कितीतरी तुकड्या घडवल्या. १९१८ मध्ये 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक होते. मुलगा गजानन हळदणकर हेही नावाजलेले जलरंगकार. तैलरंगातली व्यक्तिचित्रे हळदणकर उत्तम करत, पण जलरंगावर त्यांची हुकूमत विशेष होती. १९६८ मध्ये ते गेले. एवढे आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाचे सर्वांत गाजलेले चित्र लोक दुसऱ्याच्या नावावर ओळखतात, हे आपल्या शिक्षकांच्या हाती जाणाऱ्या स्मरणिकेत लिहिताना जरा टोचते.

चित्रातली स्त्री म्हणजे त्यांची मुलगी गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. त्या कोल्हापुरात राहत आणि वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये तिथेच वारल्या. चित्राची जन्मकथा अशी सांगतात की दिवाळीच्या दिवसांत मुलीला हातात दिवा घेतलेली पाहून वडिलांना विषय सुचला. तिने आईची जांभळी साडी नेसली होती. वडिलांनी तिला तशीच उभी केली आणि ती जवळजवळ तीन तास उभी राहिली. चित्र तैलरंगात न करता जलरंगातच करायचे त्यांनी ठरवले, कारण एकही चूक न करता असे चित्र जलरंगात होऊ शकते हे त्यांना दाखवायचे होते.

आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्यांना या शेवटच्या वाक्याचा अर्थ सांगायला नको. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखनात पट्टी-पेन्सिल तरी सोबतीला असायची. स्थिरचित्राला मात्र पाण्याची बाटली, कॅमलिनची पेटी आणि आपण. तैलरंगात चुकले तर खरवडता येते, वाळल्यावर वरून पुन्हा रंगवता येते, अंधारावर शेवटी एक पांढरा ठिपका ठेवून डोळ्यात चमक आणता येते. जलरंगात ही सोय नाही. तिथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. उजेड कुठे असणार हे पहिला ब्रश लावण्याआधी ठरवायचे आणि ती जागा शेवटपर्यंत सांभाळायची. आपले चित्रकलेचे सर पेटीतली पांढऱ्या रंगाची ट्यूब काढून टेबलावर ठेवायला लावायचे, ते याचसाठी.

आता हळदणकरांपुढची अडचण पाहा. खरी ज्योत आणि खोलीतला अंधार यांच्या तेजात हजारो पटींचा फरक असतो. कागदाचा कोरा पांढरा भाग आणि त्यावर लावता येणारा सर्वांत गडद रंग यांतला फरक फार तर काही दहापट. आमच्या धंद्यात पडद्यांच्या बाबतीत याला डायनॅमिक रेंज म्हणतात आणि ती वाढवण्यावर कंपन्या अफाट पैसा ओततात. चित्रकाराला ती वाढवताच येत नाही. म्हणजे ज्योत जशीच्या तशी रंगवायला गेले तर कागदावर एक फिकट पिवळा ठिपका उमटेल, त्याच्याने खोली काही उजळणार नाही.

हळदणकरांनी ज्योत तळहाताच्या आडोशाला ठेवली. आपल्याला दिसतो तो तिचा परिणाम: बोटांवर, चेहऱ्यावर, साडीच्या घड्यांवर. मूळ उजेड किती असेल ते आपले डोळे या परिणामांवरून स्वतःच ठरवतात, आणि डोळे असे हिशेब नेहमी उदारपणे करतात. म्हणून हा हात फक्त वाऱ्यापासून दिवा वाचवत नाही, तो चित्रकाराचीही अडचण सोडवतो.

हळदणकरांच्या आधी तीनशे वर्षे फ्रान्समध्ये जॉर्ज द ला तूर या चित्रकाराने हेच केले होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचे सुतार जोसेफचे चित्र आहे, १६४० च्या सुमाराचे. म्हातारा जोसेफ वाकून लाकडाला भोक पाडतो आहे आणि लहानगा येशू मेणबत्ती धरून उभा आहे. त्याचा एक हात ज्योतीसमोर आहे आणि बोटांतून उजेड आरपार आलेला दिसतो. हळदणकरांनी त्याची छापील प्रत कधी पाहिली का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. घरात दिवा घेऊन चालणारे माणूस पाहायला कोणाला फ्रान्सला जावे लागत नाही. पण एक योगायोग मजेदार आहे. ला तूर स्वतः मेल्यानंतर विस्मरणात गेला आणि त्याची चित्रे दोन-अडीच शतके इतर चित्रकारांच्या नावांवर खपत राहिली. १९१५ मध्ये हर्मान फॉस नावाच्या जर्मन अभ्यासकाने ती ओळखून त्याला परत दिली. अंधारात दिवा रंगवणाऱ्यांच्या नशिबी हे असते की काय कोण जाणे.

आता त्या लाल बोटांकडे या. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोटे ठेवून पाहा. कडा आणि बोटांमधली पातळ कातडी लाल पेटते, मधला जाड भाग काळसर राहतो. उजेड कातडीवरून नुसता परत फिरत नाही, आत शिरतो, आत इकडेतिकडे विखुरतो आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर येतो. रक्त हिरवा-निळा उजेड शोषून घेते, लाल जाऊ देते. कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे बनवणाऱ्यांना ही गोष्ट फार काळ छळत होती. हिशेब फक्त पृष्ठभागाचा केला की कातडी प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखी दिसायची. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या चार संशोधकांनी या आत शिरणाऱ्या उजेडाचे व्यवहारात वापरता येईल असे गणित मांडले. सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात त्याला. पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००४ मध्ये त्यांच्यापैकी तिघांना तांत्रिक पुरस्कारही दिला. आज सिनेमातले कॉम्प्युटरने बनवलेले जिवंत वाटणारे चेहरे या विचारावर उभे आहेत. संपादक मंडळाने मागितलेला कॉम्प्युटर तो इथे संपला.

हे सांगायचे कारण असे. जलरंग हा स्वतःच त्या बोटांसारखा वागतो. रंगाचा थर पारदर्शक असतो. उजेड त्या थरातून खाली जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून रंगून आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणजे जलरंगातला उजेड खरोखरच आतून येतो. तैलरंगातही पातळ पारदर्शक थर देऊन असा परिणाम साधता येतो, ला तूरने तो तैलरंगातच साधला आहे. पण रविवर्म्याच्या पद्धतीचा तैलरंग मुख्यतः पृष्ठभागाचा आहे. रेशमाचा पोत, जरीची चमक, दागिन्याचा खडा, यांवर बाहेरून पडलेला आणि तिथूनच परत आलेला उजेड. त्यात रविवर्मा बिनतोड होता. हळदणकरांच्या चित्रात जिंकते ती चमक नाही, झिरपणारा उजेड आहे. घरची कथा सांगते की जलरंग निवडला तो आव्हान म्हणून. तसे असेलही. मला मात्र वाटते, आतून पेटलेली बोटे रंगवायची तर पातळ रंगाच्या खाली कोरा कागद ठेवणे हा सर्वांत सरळ रस्ता होता आणि तीस-चाळीस वर्षे शिकवलेल्या मास्तरांना तो दिसला.

साडीचा रंगही असाच विचार करून पाहण्यासारखा आहे. दिव्याचा उजेड पिवळा, साडी जांभळी. रंगचक्रात हे दोघे समोरासमोर बसतात, विरोधी रंग म्हणून आपण ते पाठ केले होते. शेजारी ठेवले की एकमेकांना उठाव देतात. पण पिवळ्या उजेडाखाली जांभळा रंग जांभळा राहत नाही, तांबूस, मातकट होत जातो, आणि उजेडापासून दूर अंधारात पुन्हा निळसर जांभळा होतो. म्हणजे एकाच साडीचे रंग जागोजागी वेगळे. हे जलरंगात, ओघळ न येऊ देता, माणसाच्या आकाराभोवती वळवत नेणे किती जिकिरीचे आहे ते ज्याने दोन रंगांचा वॉश द्यायचा प्रयत्न केला आहे त्याने सांगावे. ती साडी आईची होती म्हणून नेसली की रंगासाठी निवडली, ते बापलेकींना ठाऊक. दोन्ही एकदम खरे असायला हरकत नाही.

मग चेहरा. खालून येणारा उजेड माणसाला भेसूर करतो. हनुवटीखाली टॉर्च धरून शाळेच्या सहलीत आपण एकमेकांना घाबरवले आहे. इथे चेहरा शांत आहे, जवळजवळ कोवळा. याचे श्रेयही मी हाताला देते. आडोशाचा तळहात ज्योतीच्या पलीकडे आहे, त्यावर आपटलेला उजेड परत चेहऱ्याकडे येतो. ज्योतीचा धारदार उजेड आणि तळहातावरून आलेला मऊ, लालसर उजेड एकत्र झाल्याने नाकावरच्या आणि भुवयांवरच्या काळ्या सावल्या विरघळतात. फोटो स्टुडिओत पांढरी छत्री उघडून ठेवतात ना, तेच काम इथे तिचा तळहात करतो.

भाव काय आहे त्या चेहऱ्यावर? इंग्रजी नाव म्हणते आशा. १९४५ ची दिवाळी, महायुद्ध नुकतेच संपलेले, स्वातंत्र्य दृष्टिपथात, तेव्हा आशा म्हणायला इतिहासाचा आधारही मिळतो. पुष्कळ लेखांत तसा अर्थ लावलेला सापडेल. मला तो पटत नाही, निदान पुरेसा वाटत नाही. आशा करणारे माणूस दूर कुठेतरी पाहत थांबलेले असते. ही बाई काम करते आहे. दिवा एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचा आहे, वाटेत वारा आहे, आणि तो विझू द्यायचा नाही. तिची नजर आपल्याकडे नाही. आपण तिला पाहतो आहोत याची तिला फिकीर नाही. रविवर्म्याच्या नायिकांना आपण पाहतो आहोत हे बहुधा कळत असते, कोणी वाट पाहत असते, कोणी लाजत असते, प्रसंग रंगमंचावर मांडलेला असतो. इथे प्रसंगच नाही. संध्याकाळ झाली आहे, एवढेच.

माझ्या मते इथे भाव आहे तो जपण्याचा. आणि तो चेहऱ्यापेक्षा हातात आहे. आपल्या पिढीला हा हात ओळखीचा आहे. लाईट गेली की कोणाची तरी आई किंवा आजी स्वयंपाकघरातून चिमणी घेऊन बाहेर यायची, तळहात असाच ज्योतीसमोर, बोटे किंचित वाकलेली, चाल नेहमीपेक्षा हळू. कोणी शिकवले नव्हते तिला. माझ्या मुलीला मी हे चित्र दाखवले तेव्हा तिने विचारले, ती दिवा का झाकते आहे? इन्व्हर्टरच्या घरात वाढलेल्या मुलीचा प्रश्न रास्तच होता. तिला आधी वारा समजावून सांगावा लागला, मग चित्र.

हा हात जपण्याचा आहे हे एकदा दिसले की तंत्र आणि भाव वेगळे काढता येत नाहीत. मुलगी तीन तास हात न हलवता उभी. ज्याने कधी पाच मिनिटे असा हात वर धरला आहे त्याला खांद्याचे काय होते ते कळेल. समोर बाप कागदाची कोरी जागा जपतो आहे, कारण एकदा रंग गेला की ती परत मिळणार नाही. दोघेही एकाच वेळी एकच काम करत होते, असे मला ते चित्र पाहताना वाटते. चेहऱ्यावरची शांतता म्हणजे एकाग्रता आहे. थोडा थकवाही असेल, बापाने तो ठेवला असेल किंवा पुसला असेल.

आणि तरी नाव रविवर्म्याचे. का? एक तर म्हैसूरच्या त्याच कलादालनात रविवर्म्याची मोठमोठी तैलचित्रे आहेत, पाहणारा ती पाहत पाहत इथे येतो. दुसरे, १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या छापील चित्रांनी घराघरांत त्याचे नाव इतके पोचवले की साडीतली सुंदर बाई रंगवलेली दिसली की नाव तेच सुचते. आमच्याकडे प्रोग्रॅमची कुठली ओळ कोणी लिहिली हे शोधायला एक आज्ञा असते, तिचे नावच 'ब्लेम'. लिहिणाऱ्याचे नाव ओळीला चिकटलेले राहते, कितीही नकला होवोत. चित्राच्या नकलेत सर्वांत आधी गळते ते नाव. आणि रिकाम्या जागी सर्वांत प्रसिद्ध नाव आपोआप येऊन बसते, त्यात कोणाचा डाव नसतो.

गीताबाईंचे तर नावच चित्राला कधी लागले नाही. शीर्षकात आशा आली, गीता आली नाही. व्यक्तिचित्र म्हणून पाहिले तर ते एका ओळखीच्या, नावाच्या बाईचे आहे, आणि तिच्या अंगावर आईची साडी आहे. म्हणजे मुलगी, आई आणि रंगवणारा बाप असे एक अख्खे घर त्या कागदावर आहे. देशभर लोक आपल्या भिंतीवर त्यांचा चेहरा लावत होते तेव्हा त्या कोल्हापुरात आपला संसार करत होत्या. उतारवयात त्यांच्यापर्यंत वर्तमानपत्रवाले पोचले आणि त्या तीन तासांविषयी त्यांना विचारू लागले, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

म्हैसूरला जाणे झाले तर हे चित्र घाईत पाहू नका. ते अंधाऱ्या खोलीत ठेवलेले आहे. त्याचे गाइड लोक कौतुकाने सांगतात, पण जलरंगाला अंधार तसाही मानवतो. उजेडाने जलरंग फिके पडतात, म्हणून कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालये साधारण पन्नास लक्सच्या वर उजेड जाऊ देत नाहीत, म्हणजे संध्याकाळच्या घरातल्याइतका. डोळे सरावायला दोन मिनिटे द्या. शेजारी कोणीतरी रविवर्म्याचे नाव घेईल, घेऊ द्या, वाटले तर हळू आवाजात हळदणकर म्हणा. आणि आधी हात पाहा, चेहरा त्यानंतर.